गॅस संपत नसतो, ताई

ती. ताई आणि भाऊजींना,

सा. न. वि. वि.

एसी-रेफ्रिजरेशनचा हा ट्रेड घेऊन पोरगा जन्मभर लोकांचे एसी उघडत बसणार का, असं ताई तू फोनवर विचारलंस. भाऊजी, तुम्ही म्हणालात, मोठ्या कंपनीत चिकटला तर निदान एका जागी स्थिर होईल. दोन्ही गोष्टींवर फोनवर घाईत बोलण्यापेक्षा नीट लिहावं असं वाटलं. पत्र त्यालाही वाचायला द्या. काही भाग त्याच्यासाठीच आहे.

तुमच्या डोळ्यांसमोर एसी म्हणजे भिंतीवरचा डबा येत असेल. इथे अमेरिकेत मी मोठ्या कंपनीच्या ज्या इमारती सांभाळतो तिथे तसं काही नाही. प्लांट रूममध्ये चिलर असतात. ते पाणी साधारण ६-७ अंशांपर्यंत थंड करतात आणि पंप ते पाणी मजल्यामजल्यावर चढवतात. तिथे एअर हँडलिंग युनिट, आम्ही एएचयू म्हणतो, या गार पाण्याच्या कॉइलवरून, म्हणजे वळवलेल्या नळ्यांवरून, हवा ओढतं आणि डक्टमधून माणसांपर्यंत पोचवतं. माणसांची, दिव्यांची, कॉम्प्युटरांची उष्णता त्या पाण्यात येते, पाण्यातून चिलरच्या नळ्यांत फिरणाऱ्या गॅसमध्ये, गॅसमधून दुसऱ्या पाण्यात आणि शेवटी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून बाहेरच्या हवेत जाते. हिवाळ्यात बॉयलर लागतात, मग गार पाण्याऐवजी त्यांचं गरम पाणी फिरतं. थंडावा कुणी तयार करत नाही. एका जागची उष्णता उचलायची आणि दुसरीकडे नेऊन टाकायची, एवढंच काम आहे. हे डोक्यात पक्कं बसलं की बिघाड कुठलाही असो, मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो, उष्णता अडली कुठे?

कंपनीत येण्याआधी मी एका सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टरकडे होतो. रोज नवा पत्ता, नवं मशीन. यायचं, चालू करायचं, सही घ्यायची, पुढच्या कॉलला पळायचं. त्या धावपळीत हात तयार होतो, हे खरं आहे, आणि पोराने सुरुवातीची काही वर्षं तेच करावं असं माझं मत आहे. पण तिथे मशीनचं पुढे काय झालं हे कधी कळत नाही. इथे तीच मशीन वर्षानुवर्षं माझ्यासमोर असतात. मी आज केलेली दुरुस्ती पुढच्या उन्हाळ्यात माझ्याच पुढ्यात येते. त्यामुळे नुसतं चालू करून देणं पुरत नाही, ते का बंद पडलं हे शोधावंच लागतं. मला हे काम आवडतं त्याचं कारण हेच आहे.

गच्चीवरच्या एका युनिटचं सांगतो. त्याच्या जुन्या नोंदी चाळल्या तर दर उन्हाळ्यात एकच ओळ लिहिलेली होती, गॅस कमी, गॅस भरला. ताई, गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे की वापरला आणि संपला. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, अंगात रक्त फिरतं तसा. कमी झाला तर कुठेतरी जखम आहे, आणि ती न शोधता वरून भरत राहणं हा इलाज नाही. आम्ही उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला, नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरला आणि साबणाचं पाणी लावत इंच इंच तपासत गेलो. कंडेन्सरच्या, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, मागे, जिथे सहसा कुणी वाकून बघत नाही तिथे, एक तांब्याची नळी पत्र्याच्या क्लॅम्पला घासत होती. गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर चालू झाला की थरथर, थरथरीने घर्षण, घर्षणाने सुईच्या टोकाएवढं भोक. तो तुकडा कापून नवा जोडला, क्लॅम्पखाली रबर घातलं.

ब्रेझिंग, म्हणजे नळ्या तापवून धातूने जोडणं, करताना नळीतून बारीक धारेने नायट्रोजन सोडावा लागतो. नाहीतर तांबं आतून काळं पडतं, ती काजळी सुटते आणि पुढे व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकते. मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढणं. दाब आम्ही मायक्रॉनमध्ये मोजतो. मोकळ्या हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन धरला तर आम्ही नळ्यांतला दाब ५०० मायक्रॉनच्या खाली आणतो. इतक्या कमी दाबाला पाणी खोलीच्या तापमानातच उकळून वाफ होतं, आणि आतला ओलावा पंप ओढून घेतो. मग पंप बंद करून काटा वर चढतो का ते बघत थांबायचं. इथेच घाई होते, कारण बाहेर लोक घामाघूम झालेले असतात आणि पाच मिनिटं वाचवावीशी वाटतात. पोराला सांगा, ती पाच मिनिटं कधीही वाचवू नकोस. त्या युनिटला त्यानंतर गॅस लागला नाही.

मोठ्या कंपनीत तक्रारी मात्र मशीनच्या कमी आणि माणसांच्या जास्त असतात. इथे गरम होतंय, तिथे गार होतंय, असं दिवसभर चालू असतं. पूर्वी मलाही वाटायचं की लोकांचे हे लाड आहेत. आता तसं वाटत नाही, कारण बहुतेक वेळा मागे खरं कारण निघतं. कंपनी दर थोड्या काळाने ऑफिसची मांडणी बदलते, पार्टिशन हलतात. तापमान बघून यंत्रणेला हुकूम देणारा थर्मोस्टॅट एका खोलीत राहतो आणि ज्यातून हवा येते ती जाळी पार्टिशनच्या पलीकडच्या खोलीत जाते. अलीकडे माणसं जमली, खोली तापली की थर्मोस्टॅट थंड हवा मागतो, आणि ती सगळी पलीकडे एकट्या बसलेल्या बाईच्या डोक्यावर पडते. ती बिचारी स्वेटर घालून बसते आणि सगळे तिला नाजूक म्हणतात. थर्मोस्टॅट हलवला, हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा, म्हणजे डॅम्पर, पुन्हा लावले की तिचा त्रास संपतो. हे काम तासाभराचं असतं, पण तिचं म्हणणं कुणी ऐकून घेतलेलं नसतं. पोराने माणसांचं ऐकायला शिकावं. माणूस चुकीचा शब्द वापरेल, पण त्याला होणारा त्रास खोटा नसतो.

बाकी सोय म्हणजे फक्त माणसांची नाही. विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये पहिली आधुनिक यंत्रणा आखली ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. माणसांना गारवा हा विचार नंतरचा. आजही सर्व्हर रूम आणि प्रयोगशाळा आमच्याकडून नेमक्या तापमानाची आणि नेमक्या ओलाव्याची हवा मागतात, आणि तिथला एक पंखा बंद पडला तर रात्री दोनला फोन येतो. ऑन-कॉलचा, म्हणजे रात्री-अपरात्री बोलावलं की जायचा, आठवडा असला की झोप अर्धवटच होते. हे तुमच्यापासून लपवत नाही.

आता धोका. ताई, तुझा खरा प्रश्न हाच होता, तू विचारला नाहीस तरी. धोका आहे. गच्चीवरचं ऊन आहे, उंची आहे, ४८० व्होल्टचे पॅनेल आहेत. बंद केलेल्या युनिटच्या कपॅसिटर नावाच्या भागातही वीज साठून राहते. बंद खोलीत गॅस गळला तर तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो आणि श्वासाची हवा हटवतो, म्हणून चिलरच्या खोलीत गळती ओळखणारे अलार्म असतात. पण मोठ्या कंपनीचा एक मोठा फायदा इथे होतो. पंख्यात किंवा पॅनेलमध्ये हात घालण्याआधी मेन स्विच पाडून मी त्याला माझं स्वतःचं कुलूप लावतो, वर माझ्या नावाची पट्टी अडकवतो आणि किल्ली माझ्या खिशात ठेवतो. तिघे काम करत असतील तर तीन कुलपं. लॉकआउट-टॅगआउट म्हणतात त्याला, इथे तो कायदाच आहे. मग मीटर लावून वीज खरंच गेली आहे हे बघायचं. कुलूप लावायला वेळ लागतो म्हणून कुणी साहेब ओरडला, असं मी ज्या चांगल्या जागा पाहिल्या तिथे झालेलं नाही. पोराने नोकरी निवडताना पगाराच्या आधी हे विचारावं.

कूलिंग टॉवरचं पाणी सांभाळणं हेही आमच्याकडेच. १९७६ साली फिलाडेल्फियात एका अधिवेशनाला जमलेली माणसं एकाएकी न्यूमोनियाने आजारी पडली, कित्येक दगावली. पुढच्या वर्षी त्यामागचा जिवाणू सापडला, त्याला लिजिओनेला म्हणतात. तो कोमट, साचलेल्या, गाळ धरलेल्या पाण्यात वाढतो आणि टॉवरच्या तुषारांबरोबर हवेत जाऊ शकतो. म्हणून टॉवर घासणं, पाण्यात औषध किती आहे ते मोजणं, नोंद ठेवणं. इमारतीतल्या कुणाला या कामाचा पत्ताही नसतो. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

भाऊजी, आता स्थिरतेबद्दल. पगार वेळेवर, विमा, सुट्ट्या, ट्रेनिंगचा खर्च कंपनीचा, हे सगळं आहे. पण कंपनी खर्च कापायला बसली की मेंटेनन्सवर नजर आधी जाते, कारण नीट चाललेल्या मशीनमध्ये कापण्यासारखं बरंच आहे असं कागदावर दिसतं. कधी अख्खं खातंच बाहेरच्या कॉन्ट्रॅक्टरकडे देऊन टाकतात. तेव्हा जागा कायमची, असं मनात धरू नका. कायमचं असेल ते त्याच्या हातातलं काम.

आणि वरच्यांशी बोलायचं तर आकड्यांत बोलायला यावं लागतं. एका चिलरच्या कंडेन्सरमध्ये नळ्या आतून क्षाराने भरत होत्या. माझ्या सांगण्याने कुणी हललं नसतं. गॅस ज्या तापमानाला द्रव होतो ते कंडेन्सिंग तापमान आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान यातला फरक मी रोज लिहीत गेलो. तो फरक आठवड्यागणिक वाढत होता, म्हणजे उष्णता पाण्यात जायला अडत होती आणि कॉम्प्रेसर तेवढी जास्त वीज खात होता. तो आलेख आणि विजेचा खर्च समोर ठेवला तेव्हा नळ्या घासायची मंजुरी मिळाली, आणि घासल्यावर फरक पुन्हा खाली आला. पंख्यांचंही तसंच. पंखा ८० टक्के वेगाने चालवला तर वीज साधारण निम्मीच लागते, कारण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. हे गणित ज्याला येतं त्याच्या शब्दाला मीटिंगमध्ये वजन असतं. पोरगा गणितात बरा आहे, तेव्हा ट्रेडला गेला म्हणजे अभ्यास वाया गेला असं समजू नका.

हे शिकणं थांबतही नाही. ओझोनला अपाय करणारे गॅस हटवायचा माँट्रियल करार १९८७ चा, मग पृथ्वी तापवणारे गॅस कमी करायचा किगाली करार २०१६ चा. इथे २०२० पासून आर-२२ हा एसीतला जुना गॅस नव्याने बनवणं आणि आयात करणं बंद झालं. त्याची जागा घेतलेला आर-४१०ए ओझोनला अपाय करत नाही, पण हवेत गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट तापवतो, म्हणून आता तोही मागे पडतोय. नवे गॅस आर-३२ आणि आर-४५४बी त्या मानाने बरे, पण थोडे ज्वलनशील. म्हणजे हत्यारं बदला, सवयी बदला, परत शिका. गॅस हाताळायला ईपीए या इथल्या सरकारी पर्यावरण खात्याचं ६०८ नावाचं प्रमाणपत्र लागतं आणि गॅस मुद्दाम हवेत सोडणं गुन्हा आहे. मला हा नियम योग्य वाटतो. गळती शोधायचा कंटाळा करणाऱ्याला या धंद्यात जागा नसावी.

पोराला माझं सांगणं एवढंच की गॅसचा दाब मोजायचं गेज हातात घ्यायच्या आधी वीज शिक. माझ्याकडे येणाऱ्या कॉलपैकी बरेचसे गॅसचे नसतात. जळलेला कॉन्टॅक्टर (मोटरची वीज चालू-बंद करणारा स्विच), गेलेला कपॅसिटर, सैल झालेली वायर, तुंबलेला फिल्टर, हेच निघतं. वायरिंग डायग्राम सरळ वाचता आला पाहिजे. वीज कुठून निघते, कुठल्या स्विचमधून जाते, कुठे थांबते, हे बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. आणि काम झाल्यावर वहीत नुसतं दुरुस्त केलं असं लिहू नकोस. काय सापडलं, काय मोजलं, काय बदललं ते लिही. तुझ्यानंतर जो येईल त्याला तेवढंच मिळणार आहे.

खर्चाचं म्हणाल तर आधी एक चांगला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून वीज मोजणारा) आणि सेफ्टी शूज घेऊन द्या, बाकी सामान हळूहळू होईल. मीटरवर ६०० व्होल्टचं, कॅट थ्री असं सुरक्षिततेचं रेटिंग छापलेलं आहे ना ते बघून घ्या, स्वस्तातला नको. त्याच्या पुस्तकातला एखादा वायरिंग डायग्राम त्याला मला फोटो काढून पाठवायला सांगा. रविवारी मी मोकळा आहे, फोनवर दोघं मिळून सोडवू.

भाऊजींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझा भाऊ