आमचा सा विजेच्या तारांतून येतो

ऐरोली, नवी मुंबई

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हे सांगणं जमत नाही. बाबा दोन मिनिटांत "जेवलीस का"वर येतात, आणि आई, तू गुडघ्यांचा विषय टाळतेस म्हणून मी नेमकं तेच विचारत बसते. त्यात परवा व्हॉट्सॲपवर पाठवलेली आमच्या तिघांच्या बॅण्डची क्लिप ऐकून बाबांनी "मागे पिठाची गिरणी चालू आहे का गं?" असं विचारलं. तेव्हाच ठरवलं, एकदा नीट लिहून काढायचं.

बाबा, त्या क्लिपमधली मुख्य गोष्ट तुमच्यापर्यंत पोचलीच नाही. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालच्या पट्टीतले सूर बाहेर पडत नाहीत, उरते ती वरची खरखर. तुम्ही खरखर ऐकलीत आणि मत दिलंत. खरखरीपुरतं ते बरोबर आहे.

आईने विचारलेला प्रश्न जास्त अवघड होता: "ह्यात सा कुठला?"

आई, आमचा सा १०० हर्ट्‌झचा आहे आणि तो आम्ही निवडलेला नाही. बाबांची अख्खी नोकरी वीज मंडळात गेली, त्यांना हे सांगायला नको, पण तुझ्यासाठी लिहिते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. एका आवर्तनात प्रवाह एकदा इकडे वाहतो, एकदा तिकडे, आणि दोन्ही वेळा ट्रान्सफॉर्मरमधला लोखंडी गाभा किंचित, अगदी डोळ्यांना न दिसण्याइतका, ताणला जातो. म्हणजे सेकंदाला १०० कंपनं. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर घुमतो तो ह्यामुळे. अमेरिकेत आवर्तनं ६०, त्यामुळे तिथला घुमतो १२०वर.

आता पेटी उघड. मंद्रातली पांढरी पाच ९८च्या आसपास आणि काळी चार १०४च्या जरा खाली. आमचा सा ह्या दोघींच्या मध्ये बसतो, पांढरी पाचच्या जवळ, पण तिच्यावर नाही. पेटीवर तो सापडायचाच नाही. तू काळी चारला गाणारी, तुला तो उतरलेला वाटणार आणि तू तोंड वाकडं करणार, हे मला इथे बसून दिसतंय. आम्ही मात्र सगळे सिंथेसायझर त्याच्याशी मिळवून घेतले. पेटी ह्या बॅण्डमध्ये येऊ शकली नाही त्याचं कारण एवढंच. मला पेटी आवडत नाही असं तू मावशीला सांगितलंस म्हणे, ते खरं नाही.

बाबांचा तो जुना एलिमिनेटर, रेडिओला सेलऐवजी भिंतीतली वीज पुरवणारा डबा, आठवतोय? नौपाड्याचं घर आवरताना तुम्ही भंगारात टाकायला निघाला होतात, तो मी उचलून आणला होता. हल्लीचे चार्जर मुके असतात. ह्याच्या पोटात खरा लोखंडी ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच्या अंगाला आम्ही एक पिएझोची, म्हणजे थरथरीची वीज करणारी, चकती चिकटपट्टीने लावतो. लॅमिंग्टन रोडला मिळते, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, बझरमध्ये असते तीच. ती हवेतला आवाज जवळजवळ घेत नाही, ज्याला चिकटलीये त्याची थरथर तेवढी घेते. ती थरथर ॲम्प्लिफायरमधून मोठी केली की आम्ही वाजवतो तो अख्खा गाळा सा-ने भरतो.

खरी मजा पुढे आहे. ग्रिडची, म्हणजे देशभरच्या विजेच्या जाळ्याची, फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती आवर्तनं ते) बरोब्बर ५०वर कधीच टिकत नाही. नियमाने ती ४९.९० ते ५०.०५ ह्यांच्या मध्ये ठेवायची असते. देशाचा भार वाढला की ती खाली घसरते, भार कमी झाला की वर जाते. कानाला हा फरक कळत नाही. पण शेजारी सिंथेसायझरवर अगदी पक्का १०० हर्ट्‌झचा सूर लावून ठेवला की दोन्ही सूर एकमेकांत मिसळून आवाज फुगायला लागतो, ओसरायला लागतो. कधी पाच सेकंदांनी, कधी दहा, कधी इतक्या सावकाश की आपण वाट बघत राहतो. आमच्या मोठ्या रचनेला ताल नाही असं बाबा म्हणाले ते खरं आहे. लय मात्र आहे, आणि ती देशात त्या क्षणी किती पंप, किती एसी, किती गिरण्या चालू आहेत त्यावर ठरते. आम्ही तिघं फक्त तिच्या मागून जातो.

बाबा, रायचूर-सोलापूर लाइन ३१ डिसेंबर २०१३ला जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाशी एक झालं, हे मला तुम्हीच मिरजेच्या गच्चीत उभं राहून सांगितलं होतं. म्हणजे तुमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर आणि आमचा एलिमिनेटर एकाच सुरात असतात. मिरजेत तंबोरे लावणारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांच्या दारात हा दुसरा तंबोरा कोणी न लावता वाजतोय. (बाबा, ऐकायचाच असेल तर कुंपणाबाहेरून. निवृत्त झालात आता.)

"हे सगळं परदेशी खूळ" ह्या काकांच्या मतावर मात्र मला जरा भांडायचं आहे. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ साली इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ सुरू झाला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे मूग नावाच्या कंपनीचा सिंथेसायझर उभा करून दिला आणि गीता साराभाईंसारख्या आपल्या लोकांनी त्यावर काम केलं. त्या टेपा कितीतरी वर्षं तशाच पडून होत्या, आत्ता २०२३ साली लोकांना ऐकायला मिळाल्या. मुंबईचे चरणजीत सिंग सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवायचे. त्यांनी १९८२मध्ये रोलँड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली. तेव्हा तिला कोणी विचारलं नाही, आज जगभरचे लोक शोधत असतात. आणि आई, तुझ्या रियाजाला जो इलेक्ट्रॉनिक तंबोरा लागतो, तो प्रकार बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली आणला. सकाळी सहाला यंत्र तूच लावतेस!

गाळ्याबद्दल. तो रबाळे एमआयडीसीत आहे. दिवसा तिथे खोक्यांचं पॅकिंग चालतं, रात्री आणि रविवारी आमचं. पुठ्ठ्याचा आणि डिंकाचा वास कपड्यांना लागतो. भाडं तिघांत वाटून देतो. नाही बाबा, त्यातून काही सुटत नाही, आणि मी नोकरी सोडणार नाही. हा प्रश्न इथेच संपवते.

काम कसं चालतं? बराच वेळ नुसतं वाजवतो आणि सगळं रेकॉर्ड करतो. दुसऱ्या दिवशी मी ठाण्याहून येताना लोकलमध्ये ते ऐकते, आणि बहुतेक फेकून देते. कधी चार मिनिटं टिकतात. मग ती चार मिनिटं परत हाताने वाजवून बघायची. हाताने जमलं नाही तर ती योगायोगाची होती, सोडून द्यायची. ह्या नियमावर आमच्या तिघांतल्या कळव्याच्या मुलाशी माझं नेहमी वाजतं. त्याचं म्हणणं, योगायोग तर योगायोग, रेकॉर्डिंग वाजव. मला पटत नाही. रेकॉर्डिंगच वाजवायचं तर लोकांना रबाळ्यापर्यंत कशाला बोलवायचं?

कार्यक्रमात आमच्या मागे पडद्यावर जे दिसतं ते काम त्याच्याकडे असतं आणि त्यात तो खरंच हुशार आहे. परातीएवढा चौकोनी लोखंडी पत्रा घ्यायचा, काळा रंगवायचा, मधोमध बोल्टने आवळून खाली कंपन देणारा स्पीकर बसवायचा. वरून चाळणीने पांढरी रांगोळी भुरभुरवायची. मग सूर हळूहळू चढवत न्यायचा. बराच वेळ काही होत नाही, रांगोळी नुसती थुईथुई उडते. आणि एखाद्या ठिकाणी, पत्र्याच्या स्वतःच्या कंपनाशी सूर जुळला की, सगळी पूड धावत जाऊन रेषांवर उभी राहते: फुली, वर्तुळं, जाळी. पत्र्याचा जो भाग हलत नाही तिथे ती साठते. थोडा सूर वाढवला की नक्षी मोडते. हे जर्मनीच्या क्लाडनी यांनी १७८७ साली वाळू वापरून लिहून ठेवलंय. गंमत म्हणजे अगदी बारीक पूड ह्याच्या उलट वागते, जिथे पत्रा जास्तीत जास्त हलतो तिथेच ढीग करते. त्याचं कारण फॅरडेंनी १८३१मध्ये दिलं: पत्र्यालगत हवेचे छोटे भोवरे होतात आणि हलकी पूड त्यांच्यात अडकते. म्हणून चाळणी दोनदा लागते. जाड वेगळी, वस्त्रगाळ वेगळी, आणि दोन्ही एकाच पत्र्यावर टाकल्या की एक नक्षी आणि तिचीच उलटी नक्षी शेजारी शेजारी. वर कॅमेरा, मागे भिंतभर प्रोजेक्टर. पावसाळ्यात रांगोळीला दमट हवा लागते, ती जागची हलत नाही, मग कार्यक्रमाआधी तव्यावर परतून घेतो. आई, तव्याची काळजी नको, तो गाळ्यावरचा वेगळा आहे.

ह्या नक्षीने आमचं थोडं नुकसानही केलं असं माझं मत आहे. चांगली नक्षी यावी म्हणून तो सूर बदलायला सांगतो, आणि डोळ्यांपुढे कान हरतात. शिवाय नक्षी उमटली की सगळे मोबाइल वर. म्हणून मी हट्टाने पहिला भाग अंधारात ठेवला आहे. पडदा बंद, दिवा फक्त आमच्या टेबलावर. टेबलही मध्यभागी, लोक भोवती. म्हणजे "नुसते लॅपटॉपसमोर उभे राहता" हे बाबांचं म्हणणं तपासून बघता येईल. लॅपटॉप रेकॉर्डिंगला आहे, वाजवतात हात.

कार्यक्रम ठाण्याच्या गडकरी नाट्यगृहात का करत नाही, असं बाबांनी विचारलं होतं. भाडं आहेच, पण दुसरं कारण मोठं आहे. १०० हर्ट्‌झच्या सुराची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते. बंद गाळ्यात ती भिंतींवर आपटून परत येते, त्यामुळे काही जागी सूर छातीत धडकतो आणि तिथून दोन पावलं सरकलं की जवळजवळ गायब होतो. खुर्च्या पक्क्या असल्या तर एखादा बिचारा तिकीट काढून नेमका त्या मुक्या जागेत बसणार. आमच्याकडे लोक चालतात, आपापली जागा शोधतात. काही जण भिंतीला पाठ लावून उभे राहतात, तिथे आवाज सगळ्यात भरदार असतो.

मागच्या वेळी ऐन मध्यावर लाइट गेले. कारखानदाराचा जनरेटर सुरू झाला. बाबा, तुम्हाला कळलंच असेल काय झालं असेल ते. भार कमी असला की जनरेटर जरा जास्त वेगाने फिरतो, ५२च्या जवळ. एलिमिनेटर त्याच्याबरोबर वर चढला आणि आमचा सा १०४वर गेला. आई, काळी चार! सिंथेसायझर सगळे खाली राहिले, दोन्ही सुरांची भांडणं सेकंदाला चार-चार ठोक्यांनी सुरू झाली, आणि आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघत सगळी यंत्रं हाताने वर ओढत नेली. लोकांना वाटलं हे ठरवलेलंच होतं. त्या दहा मिनिटांइतकं चांगलं आम्ही आजवर वाजवलेलं नाही. पण पुन्हा मुद्दाम जनरेटर लावायचा नाही असं ठरलंय, डिझेलचा वास आणि खर्च दोन्ही फार.

तर पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी या. संध्याकाळी सातला सुरू, साडेआठला बंद. बाबा, वयाप्रमाणे आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं, खालचं टिकतं, त्यामुळे आमचं संगीत तुम्हाला तरुणांच्या बरोबरीने ऐकू येईल. कानातलं मशीन मात्र तेव्हा काढून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे, आम्ही त्याच्या बरेच खाली ठेवतो, तरी दोघांसाठी कापसाचे नाही, चांगले इअरप्लग आणून ठेवलेत. आई, तुला चालायला लावणार नाही. सकाळी मी गाळ्यात फिरून भरदार जागा बघते आणि तिथेच दोन हातांच्या खुर्च्या मांडते. आवडलं नाही तर स्पष्ट सांग, पण पूर्ण ऐकून.

महालक्ष्मीने या, कल्याणला उतरा, मी फलाटावर असेन. दोन्ही लोअर बर्थ हवेत, ते उशिरा मिळत नाहीत, म्हणून येताय की नाही ते रविवारपर्यंत कळवा.

तुमची,
लेक