मशीन दुरुस्त झालं, बाबा

इप्सविच, इंग्लंड

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी बरी आहे, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. ड्यूटी, जेवण, थंडी हे रोज फोनवर होतंच. पण बाबा, रविवारी तुम्ही विचारलंत, ‘त्या मशीनला नेमकं झालं काय होतं?’ आणि तेवढ्यात आवाज तुटायला लागला. तुम्हाला अर्धवट सांगून मला चैन पडत नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

आधी आईचं. आई, परक्या मुलखात गुप्तधन शोधत फिरू नकोस, कोणी धरलं तर काय करशील, असं तू म्हणालीस. अगं, मी शोधत नाही. शोधतात ते शेजारचे आजोबा. मी फक्त त्यांचं मेटल डिटेक्टर दुरुस्त केलं, तेही त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आजी समोर बसलेल्या असताना. शेतावर गेले तीही दोघांबरोबर, भर दिवसा. नाग, मंत्र, अमावास्या असलं इथे काही नसतं.

हा छंद मलाही आधी कळत नव्हता. निवृत्त झालेली, चांगली शिकलेली माणसं सुटीच्या दिवशी कानाला हेडफोन लावून नांगरलेल्या शेतात तासन्‌तास सावकाश चालतात. हातात लांब दांडा, त्याच्या टोकाला ताटाएवढी चकती. ती जमिनीला न टेकवता डावीकडून उजवीकडे फिरवत राहायची. आवाज आला की गुडघ्यावर बसून छोटा खड्डा करायचा, वस्तू काढायची आणि खड्डा बुजवून गवत होतं तसं बसवायचं. मिळतं काय? बहुतेक वेळा बटणं, खिळे, शिशाचे तुकडे. तरी माणूस खूश होऊन घरी येतो.

नियम मात्र कडक आहेत, आई, म्हणून काळजी करू नकोस. शेतमालकाची परवानगी हवीच. संरक्षित प्राचीन जागेवर परवानगीशिवाय मशीन वापरणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. सोन्याचांदीची, तीनशे वर्षांहून जुनी वस्तू सापडली तर १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे १४ दिवसांत कळवावं लागतं. आणि कळवायचं कुणाला, तर कॉरोनरला! संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी असतो ना, तोच. मला खरं वाटेना, मी आजोबांना पुन्हा विचारून घेतलं. जुन्या काळापासून चालत आलंय म्हणे. वस्तू म्युझियमने घेतली तर बक्षिसाची रक्कम साधारणपणे शोधणारा आणि शेतमालक यांच्यात वाटली जाते.

आमच्याच सफोक परगण्यात हॉक्सन नावाचं गाव आहे. १९९२ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधायला त्याचे मित्र एरिक लॉज डिटेक्टर घेऊन आले आणि सापडली रोमन काळातली जवळजवळ पंधरा हजार नाणी, शिवाय सोन्याचे दागिने आणि चांदीचे चमचे. थोडं बाहेर काढल्यावर ते थांबले आणि त्यांनी खबर दिली, त्यामुळे पुरातत्त्वाच्या लोकांना उरलेलं जागच्या जागी नीट खोदता आलं. हात आवरणारा तो माणूस मला फार मोठा वाटतो. हातोडीही सापडली, आणि तीसुद्धा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आता बाबा, तुमचं. मशीन सुरू केलं की चिमणीसारखं टिवटिवत राहायचं, खाली धातू असो-नसो. आजोबा ते टाकून नवं घेणार होते. मी म्हटलं, आधी सप्लाय बघू. तुम्ही दुकानात शिकवलंत तसंच. बॅटरीच्या खणात पट्ट्यांवर पांढरी बुरशी चढली होती, सेल गळले होते. व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून, मग स्पिरिटने साफ करून नवे सेल घातले. टिवटिव तशीच.

मग प्रश्न, दोष मशीनचा की जागेचा? घरात वायफाय, मोबाइल, एलईडी दिव्यांना वीज पुरवणारी सर्किटं, सगळ्यांचा गोंगाट पकडला जातो. म्हणून मोकळ्या शेतात गेलो. चकती जमिनीपासून वर, हलवायची नाही. तरीही आवाज, पण आता ठरावीक अंतराने टक् टक्. ते गुरांसाठी लावलेलं विजेचं कुंपण होतं. त्यापासून लांब गेलो, सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवली, टक् टक् गेलं. टिवटिव उरलीच, पण आता फक्त दांडा हलवला की. म्हणजे आतलं काहीतरी हलत होतं.

चकतीचं प्लास्टिकचं झाकण काढलं तर आत ओला चिखल दाबून बसलेला. तो धुतला. दांड्याभोवतीची केबल सैल लोंबत होती, ती घट्ट गुंडाळली. ही केबल का महत्त्वाची, ते तुम्हाला लगेच कळेल. चकतीत दोन कॉइल असतात. एक सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने जमिनीतल्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि त्यांचा क्षीण परिणाम दुसरी कॉइल पकडते. दोन्ही एकमेकींवर अशा बेताने चढवलेल्या असतात की धातू नसताना दुसरीपर्यंत पहिलीचं जवळपास काहीच पोचत नाही. एवढ्या नाजूक तोलाशेजारी केबल लोंबली की मशीनला तो सिग्नलच वाटतो.

आवाज पुष्कळ कमी झाला, पण गेला नाही. शेवटी मल्टीमीटर लावून केबल इंच इंच वाकवत गेले. प्लगजवळ आले आणि कंटिन्युइटीचा, म्हणजे तार अखंड असल्याचा, बीप तुटला. आत तार मोडलेली, वरचं रबर शाबूत. चकतीच्या तोंडाशी तुटली असती तर काही करता आलं नसतं, तिथे सगळं रेझिनने भरलेलं असतं. मोडलेला तुकडा कापून प्लग नव्याने सोल्डर केला, शील्डची जाळी नीट जोडली. तुमचाच सोल्डरिंगचा हात आठवत होते, टाका चमकला पाहिजे, मळकट दिसला तर पुन्हा.

मग चकती वरखाली करत ग्राउंड बॅलन्स लावला, म्हणजे नुसत्या मातीला मशीनने आवाज देऊ नये असं जुळवून घेतलं, आणि नाणं समोरून फिरवून पाहिलं. नाणं नुसतं धरून ठेवलं तर या मशीनला कळत नाही, हलायला हवं. स्वच्छ आवाज आला. तरी आजोबांच्या पायाजवळ ते अजून बोलत होतं. त्यांच्या बुटांच्या पुढे पोलादी टोपी आहे! १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला ग्रॅहॅम बेलनेही असंच यंत्र बनवलं होतं, आणि पलंगातल्या धातूच्या स्प्रिंगांनी त्याला चकवलं असं सांगतात. आजोबांनी रबरी बूट घातले, काम झालं. आजींनी मला जवळ घेतलं. घरच्यासारखी माणसं आहेत, तेव्हा मी एकटी पडलेय असं मनात आणू नका.

आता एक लिहायचंय, ते फोनवर तोंडातून निघालं नाही. छोटीच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. रजा एकदाच मिळेल आणि ती मी लग्नासाठी राखून ठेवलीय. लग्नाला आठ दिवस आधी येते, सगळी धावपळ माझ्यावर सोपवा. छोटीला मी स्वतः सांगेन, तुम्ही नका सांगू. ती रुसेल, रुसू दे, तिचा हक्क आहे.

हॉलच्या आगाऊ रकमेचे पंचाहत्तर हजार या आठवड्यात पाठवते. सोसायटीचा हप्ताही मीच भरेन. आईच्या पाटल्या मोडायच्या नाहीत, दादाला बजावून सांगा. इथे मला लागतं तेवढं असतं, मी काही पोट मारून पाठवत नाहीये.

मावशीने सुचवलेल्या स्थळाला नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका. छोटीचं होऊ दे, मग समोरासमोर बसून बोलू. धाकटीचं आधी केलं म्हणून लोक बोलतील, ते आईला ऐकावं लागेल, हे मला कळतं गं.

बाबा, मोतीबिंदूची तारीख आता पुढे ढकलू नका. लग्नाच्या आत करून घ्या आणि तारीख ठरली की त्याच दिवशी कळवा, पैसे वेगळे ठेवलेत.

तुमची,
थोरली