मासा शिरला की सोडला?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅनियन धरणाचा लेख वाचला, 'माशांसाठी वीज पाण्यात'. मथळा झकास. पण लेखासोबत जो फोटो छापलाय तो रेनबो ट्राउटचा आहे, हंपबॅक चब या तिथल्या देशी माशाचा नाही. चबला डोक्यामागे बैलासारखं वशिंड असतं हो, नावातच आहे की ते.

लेखकाचं म्हणणं काय, तर 2024 च्या उन्हाळ्यात टर्बाइन टाळून खालच्या पाइपांतून गार पाणी सोडलं आणि कोट्यवधी डॉलरची वीज बुडवली, ती एका कुरूप माशासाठी, म्हणजे या चबसाठी. बरं, कुरूप तर कुरूप. पण धरणामागचा लेक पॉवेल तलाव आटत गेला म्हणून वरचं कोमट पाणी टर्बाइनपर्यंत पोचलं, त्याच्याबरोबर स्मॉलमाउथ बास हा चबला खाणारा परका मासा धरणाखाली उतरला आणि 2022 मध्ये तिथं त्याची पिल्लं सापडली, हे सांगायला नको का? गार पाण्यानं बास 'मारला' असं तुम्ही छापलंय, तेही चूक. पाणी साधारण साडेपंधरा अंशांच्या खाली ठेवलं की त्याची वीण अडते, एवढंच. आणि गंमत म्हणजे 1963 पासून याच धरणाच्या गार पाण्यानं चबला नदीतून हुसकून लिटल कोलोरॅडो या उपनदीच्या उबेला नेऊन बसवलं होतं, आता तेच पाणी औषध! 2025 ला तेही दिलं नाही, ते सोडा.

माझं डोकं फिरलं ते एका शब्दावर. 'परका मासा शिरला.' शिरला? कुंपणावरून उडी मारून आला काय? अहो, गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींसाठी 1980 च्या दशकात सरकारनंच तो तलावात सोडला. त्याच्याही आधी 1962 मध्ये वरच्या ग्रीन नदीत नवं धरण भरायच्या तोंडावर शेकडो किलोमीटर रोटेनोन, म्हणजे मासे मारायचं विष, ओतलं होतं, का तर देशी मासे म्हणजे कचरा आणि ट्राउटला जागा हवी. साठ वर्षांनी धरणाखालच्या डबक्यात परत तेच रोटेनोन, या वेळी बास मारायला. एवढा मसाला हाताशी असताना लेखकाला विजेचं बिल दिसलं.

मला झोंबलं कारण मीही यातलाच. आठवीत असताना आमच्या तळ्यात सोडायला मत्स्यबीजाचे दोन डबे जीपमधून आले. साहेब उतरले, नारळ फोडला, आम्हा पोरांना म्हणाले हळू ओता रे, आधी तळ्याचं पाणी डब्यात मिसळू द्या. मी ओतलं, सदरा भिजला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी पाठ थोपटली, मी आठवडाभर गावात छाती काढून फिरत होतो. चिलापी होती ती. दोनतीन पावसाळे गेले आणि जाळं ओढलं की चिलापीच चिलापी, ती पण तळहाताएवढी, नुसते काटे. कोळशी दिसेना, आंबळी दिसेना. आई कालवण करायची बंद झाली, म्हणायची ह्यात खायचं काय, चुलीला लाकडं जास्त लागतात. वडील जाईपर्यंत ताटावर बसले की माझ्याकडे बघून एकच म्हणायचे, "ओत अजून." मग एका वर्षी सांडवा वाहिला, चिलापी ओढ्यात, ओढ्यातून भीमेत. साहेब काही परत आले नाहीत. आणि आता गावात कुणालाही विचारा, म्हणतात चिलापी 'आली'. आली नाही, मी ओतली.

आता राहवत नाही म्हणून अजून एक. परवाच्या पुरवणीत लोणावळ्याच्या हॅचरीतल्या महसीरचं पानभर कौतुक होतं, देशभर बीज पाठवलं वगैरे. त्यातलंच निळ्या परांचं महसीर कावेरीत सोडलं आणि तिथल्या मूळच्या वशिंडवाल्या महसीरची जागा त्यानं खाल्ली. तो बिचारा 2018 पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पानभर मजकुरात यावर एक ओळ मावली नाही?

फोटोची दुरुस्ती छापा, आणि कृपा करून पंचांगाखाली बारीक अक्षरात नको. मागच्या खेपेला माझं पत्र कापून निम्मं केलं होतं. या वेळी कापायचंच असेल तर नारळ कापा, चिलापी राहू द्या.

आपला,
भीमाकाठचा एक जुना वर्गणीदार