केस पेपरच्या खिडकीपासून रक्ताच्या रिपोर्टापर्यंत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगाच नाही. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथं मिशनचा दवाखाना उभा केला, तेव्हापासून कोल्हापूर, सोलापूर आणि खाली बेळगाव-विजापूरपर्यंतचे पेशंट मिरजेच्या स्टेशनवर उतरत आले आहेत. पण याच मिरजेत, सांगलीत आणि तिकडं साताऱ्या-कराडलाही तृतीयपंथी माणूस दवाखान्याची पायरी सगळ्यांत शेवटी चढतो. आधी मेडिकलवाला, मग ओळखीचा कंपाउंडर, मग देवऋषी, आणि अगदीच धाप लागली की कॅज्युअल्टी. वृत्तपत्रांत या समाजाविषयी येतं ते यात्रेचे फोटो नाहीतर भांडणाची बातमी. त्यांच्या शरीराला रोज काय लागतं, यावर चार ओळी छापून याव्यात म्हणून हे पत्र. ते डॉक्टर, लॅबवाले, मेडिकलवाले यांच्यासाठी आहे, तसंच स्वतः तृतीयपंथी, जोगते (यल्लम्माला वाहिलेले) आणि ट्रान्स पुरुष (जन्मावेळी मुलगी ठरवलेले पुरुष) वाचकांसाठीही आहे.

पहिली अडचण केस पेपरच्या खिडकीशी. कागदावर एक नाव, समोर साडीतली व्यक्ती, आणि भरल्या ओपीडीत जुन्या नावानं पुकारा होतो. सगळी बाकं वळून बघतात. निम्मे लोक तिथूनच परत फिरतात. यावर उपाय फुकट आहे. ‘कोणत्या नावानं हाक मारू?’ एवढं विचारायचं, आणि केस पेपरवर कागदपत्रातलं नाव लिहून पुढं कंसात हाकेचं नाव लिहायचं. कागदपत्रातलं नाव गाळू नये, कारण सरकारी योजनेत बसवायची वेळ आली की ते आधार आणि रेशनकार्डाशी जुळावं लागतं, नाहीतर मंजुरी अडकते. आणि कृपा करून, ताप-खोकल्यासाठी आलेल्या माणसाला ‘बघू तरी’ म्हणून कपडे उतरवायला सांगू नका. दुखणं ओटीपोटाचं किंवा लघवीच्या जागेचं असेल तर तपासणी जरूर करा, विचारून करा, पडदा ओढून करा. घशाला सूज असेल तर घसा बघा.

आता मुख्य गोष्ट. स्त्रीसारखं शरीर हवं असलेल्या बऱ्याच जणी माला-डी ही गर्भनिरोधक गोळी घेतात. स्वस्त आहे, कुठंही मिळते, कुणी काही विचारत नाही. पाकिटात २८ गोळ्या: २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या. हार्मोनच्या प्रत्येक गोळीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनाइल इस्ट्रॅडिऑल आणि ०.१५ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल असतं. दिवसाला एक, हा हिशेब पाळणा लांबवणाऱ्या बाईसाठीचा. इथं ‘एकीनं काय होणार’ म्हणून चार-चार, सहा-सहा खाल्ल्या जातात. इथिनाइल इस्ट्रॅडिऑल यकृतात सहजी मोडत नाही आणि रक्त गोठवणारे घटक वाढवत राहतं. नेदरलँड्समध्ये पूर्वी ट्रान्स स्त्रियांना हेच औषध देत. रक्तात गुठळ्या होण्याचं प्रमाण फार दिसलं म्हणून तिथं ते बंद झालं. जोडीला बिडी-सिगारेट असेल तर धोका आणखी चढतो. शिवाय यातलं लिव्होनॉरजेस्ट्रेल थोडंसं पुरुषी हार्मोनसारखं वागतं, म्हणजे जे घालवायचं त्यालाच थोडं खतपाणी.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, किंवा अचानक धाप लागून छातीत टोचायला लागलं, तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठावी आणि पहिल्या वाक्यात सांगावं, ‘मी हार्मोनच्या गोळ्या घेते.’ हे वाक्य ओरडा बसेल या भीतीनं गिळलं जातं. मग पोटरी मुरगळली समजून मलम लिहून दिलं जातं आणि गुठळी फुप्फुसाकडं सरकते. ओरडणाऱ्या डॉक्टरांनी हा परिणाम लक्षात घ्यावा.

योग्य औषध वेगळं आहे, आणि ते लिहायला मुंबई-पुण्याचा तज्ज्ञच पाहिजे असं नाही. मधुमेह आणि थायरॉइड सांभाळणारा कुणीही एम.डी. फिजिशियन थोडं वाचून हे करू शकतो. इस्ट्रॅडिऑल व्हॅलरेट हे स्त्री हार्मोन (इस्ट्रोजेन) दिवसाला २ ते ६ मिलिग्रॅम, कमीपासून सुरुवात. पुरुषी हार्मोन दाबायला स्पायरोनोलॅक्टोन १०० ते ३०० मिलिग्रॅम, किंवा सायप्रोटेरॉन. सायप्रोटेरॉन पूर्वी ५० मिलिग्रॅम देत, पण १० मिलिग्रॅमही बहुतेकींना पुरतं, आणि मोठा डोस वर्षानुवर्षं घेतला तर मेंदूच्या आवरणात गाठ होण्याचा धोका वाढतो. पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी रक्त तपासायचं. इस्ट्रॅडिऑल १०० ते २०० पिकोग्रॅमच्या आत आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) ५० नॅनोग्रॅमच्या खाली आलं की गोळ्या वाढवून काही पदरात पडत नाही. छातीत गाठ धरायला ३ ते ६ महिने लागतात, पूर्ण वाढ व्हायला २-३ वर्षं. दाढी विरळ होते, जात नाही. आवाज या गोळ्यांनी बारीक होत नाही. हे आधीच सांगितलं की ‘गुण येत नाही’ म्हणून डोस दुप्पट करणं थांबतं. पुढं मूल हवं असेल तर वीर्य साठवून ठेवण्याचा विचार गोळ्या सुरू करण्याआधीच करावा लागतो, हेही त्याच वेळी सांगावं. जतच्या यल्लम्माच्या यात्रेला किंवा सौंदत्तीला गेल्यावर आठ-दहा दिवस गोळ्या घरीच राहिल्या, तर आल्यावर नेहमीचाच डोस सुरू करावा. बुडालेल्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नये.

निर्वाण, म्हणजे लिंग आणि वृषण काढणं, झालेल्यांविषयी वेगळं सांगायला हवं. वृषण काढल्यावर स्पायरोनोलॅक्टोनची गरज उरत नाही, ते बंद करायचं. पण बऱ्याच जणी सगळंच बंद करतात, कारण ‘आता काय राहिलं?’ शरीरात पुरुषी हार्मोन नाही, बाहेरून इस्ट्रोजेनही नाही, अशी वर्षं गेली की हाडं पोकळ होतात. चाळिशीतच कंबर धरते, घसरून पडलं तर मनगट मोडतं, आणि कुणाला कारण सापडत नाही. निर्वाणानंतर डॉक्टर सांगतील तोवर इस्ट्रोजेन चालू ठेवावं. प्रोस्टेटची गाठ निर्वाणातही, मोठ्या शस्त्रक्रियेतही काढत नाहीत, ती आतच असते. म्हातारपणी लघवी अडली तर तिच्याकडं बघावं लागतं.

स्पायरोनोलॅक्टोन लघवी वाढवतं. आता दिवसभर एस.टी. स्टँडवर किंवा बाजारात मागणारी व्यक्ती डोळ्यांसमोर आणा. बायकांच्या बाजूला गेलं की आरडाओरडा, पुरुषांच्या बाजूला गेलं की छेडछाड. मग ती काय करते? सकाळपासून पाणीच पीत नाही. एप्रिल-मे महिना, बाहेर चाळिशीचा पारा, अंगात लघवी वाढवणारी गोळी आणि पोटात पाणी नाही. संध्याकाळी पाय-पाठ दुखते म्हणून डायक्लोफिनॅक घेतली जाते. या तिन्हींच्या मधे मूत्रपिंड सापडतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडावर ताण आल्याची रक्तातली खूण) वाढतं आणि पोटॅशियमही चढतं, कारण ही गोळी पोटॅशियम धरून ठेवते. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके चुकतात. अशक्तपणा वाटतो म्हणून वर शहाळं प्यायलं जातं, त्यातही पोटॅशियमच. ज्यांची ही गोळी चालू आहे त्यांनी शहाळ्यावर भर देऊ नये, साधं पाणी प्यावं, दुखण्याला पॅरासिटॅमॉल घ्यावी, आणि उलट्या-जुलाब लागले तर ही गोळी थांबवून डॉक्टरांना विचारावं. पण पाणी प्यायचं तर जायचं कुठं? २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांसाठी दवाखान्यात वैद्यकीय सेवा आणि वेगळी सार्वजनिक स्वच्छतागृहं, दोन्ही द्यायला सांगितलं आहे. आमच्या दृष्टीनं स्टँडवरचं एक कडी लागणारं स्वच्छतागृह हे मूत्रपिंडाचं औषधच आहे. नगरपालिका-महापालिकेनं ते आरोग्याच्या खात्यात धरावं.

ट्रान्स पुरुषांची गोष्ट याहून कमी लोकांना ठाऊक आहे, कारण ते डोळ्यांत भरत नाहीत. त्यांना टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन बहुधा जिममधून मिळतं. २५० मिलिग्रॅमची अख्खी ॲम्प्यूल, दर आठवड्याला, शरीर कमावणाऱ्यांच्या हिशेबानं. उपचाराचा डोस दर २ आठवड्यांनी १०० ते २०० मिलिग्रॅम असतो. जादा झालं की रक्त घट्ट होतं. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण) ५० च्या वर जायला लागला की सावध व्हायचं, ५४ च्या वर गेला की डोस थांबवायचा किंवा कमी करायचा. डोकं जड होणं, चेहरा लाल दिसणं ही त्याची खूण असू शकते. औषध तेलातलं आणि दाट असतं, म्हणून ओढायला जाड सुई आणि टोचायला २२-२३ नंबरची दुसरी सुई घ्यावी. ॲम्प्यूल आधी मुठीत धरून कोमट केली की दुखणं कमी होतं. सुई दुसऱ्या कुणाची नको, अगदी जिवलग मित्राचीही नको. आवाज ३ ते १२ महिन्यांत फुटतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. पाळी बहुतेकांची ६ महिन्यांत थांबते, पण पाळी थांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. छाती दाबायला क्रेप बँडेज गुंडाळू नये, श्वासागणिक ते आवळत जातं आणि बरगड्यांना त्रास होतो. त्यासाठीचा घट्ट बनियन, म्हणजे बायंडरच घ्यावा, ८ तासांच्या वर घालू नये, झोपताना काढावा. गर्भाशयाचं तोंड शाबूत असेल तर त्याच्या कॅन्सरची तपासणी इतर बायकांसारखीच करून घ्यायची. मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांच्या बाकावर दाढीवाला पुरुष बसलेला दिसला तर रिसेप्शनवरच्या ताईंनी ‘पेशंट कुठाय?’ असं मोठ्यानं विचारू नये.

एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) घेणाऱ्यांमध्ये एक समज पसरला आहे की हार्मोन आणि एचआयव्हीची गोळी एकमेकींना मारतात. त्यातून निवड करायची वेळ आली की एआरटी सोडली जाते. एआरटीतल्या डोल्युटेग्रॅविर असलेल्या गोळीची इस्ट्रॅडिऑलशी ओढाताण नाही, दोन्ही घेता येतात. ओढाताण आहे ती लोहाशी आणि कॅल्शियमशी: उपाशीपोटी एकत्र घेतलं तर डोल्युटेग्रॅविर नीट शोषलं जात नाही. जेवणासोबत घ्यावं, नाहीतर एआरटीची गोळी लोहाच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. माला-डीच्या पाकिटातल्या त्या ७ गोळ्या लोहाच्याच आहेत, हे कुणाच्या ध्यानात नसतं. टीबीचं रिफाम्पिसिन मात्र इस्ट्रोजेन लवकर मोडून टाकतं. त्या सहा महिन्यांत छाती बसल्यासारखी वाटली तर घाबरून टीबीचा कोर्स सोडू नये.

आईबाप मुलाला घेऊन येतात आणि ‘याला बरं करा’ म्हणतात, त्यांची घालमेल आम्हांला कळते. पण बरं करण्यासारखं त्यात काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये हा विषय मानसिक आजारांतून काढला आहे, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये अशा ‘बदलून टाकण्याच्या’ उपचाराला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. गोळ्या-इंजेक्शनं देऊन किंवा धाक घालून मुलगा ‘सुधारून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडं पैसे घालवू नका.

शेवटी लॅबवाल्यांना. रिपोर्टातला नॉर्मलचा रकाना स्त्री-पुरुषांचा वेगळा असतो. इस्ट्रोजेन घेणारीचं हिमोग्लोबिन १२.५ आलं आणि पुरुषाचा रकाना लागला तर ‘कमी’ छापून येतं, आणि गरज नसताना लोहाच्या गोळ्या सुरू होतात. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचं १६.५ आलं आणि स्त्रीचा रकाना लागला तर ‘जास्त’. हिमोग्लोबिनला, हार्मोन सहा महिने ते वर्षभर चालू असतील, तर घेतलेल्या हार्मोनचा रकाना धरावा. क्रिएटिनिनचं कोडं अवघड आहे. वय ३०, क्रिएटिनिन १.२: सूत्रात पुरुष भरला तर मूत्रपिंडाची गाळण साधारण ८३ येते, स्त्री भरली तर ६२. रक्त तेच, माणूस तोच. एका आकड्यावर ‘ठीक आहे’ म्हणतील, दुसऱ्यावर औषधाचे डोस कमी करतील. इथं दोन्ही आकडे छापून द्यावेत आणि निर्णय डॉक्टरांवर सोडावा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही मशिनवर इस्ट्रॅडिऑल आणि टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त दिसतं. त्या दोन-तीन दिवस थांबवून रक्त द्यावं. टेस्टोस्टेरॉनच्या रिपोर्टाला तर शेवटच्या इंजेक्शनची तारीख सोबत नसेल तर काही अर्थच राहत नाही. तिसऱ्या दिवशीचा आकडा आणि चौदाव्या दिवशीचा आकडा यांत मोठी तफावत असते.

सॉफ्टवेअरमध्ये दोनच पर्याय आहेत, ही लॅबवाल्यांची अडचण खरी आहे, आणि ते बदलायला वेळ लागेल. तोवर एक रबरी शिक्का करून घ्यावा आणि फॉर्मच्या कोपऱ्यात मारावा. त्यावर पाचच ओळी हव्यात: हाकेचं नाव, कोणतं हार्मोन, किती महिने, शेवटचा डोस कोणत्या तारखेला, बायोटिन हो/नाही.

आपले,
सांगली-मिरज परिसरात आरोग्याचं काम करणारे काही जण