विठोबा काही वसुली अधिकारी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातली एक पतसंस्था बुडाली. मी एसटीतला निवृत्त वाहक. फंडाची बरीचशी रक्कम तिथेच अडकली. ठेवीदारांच्या चकरा चालू आहेत, त्यात मीही आहे. खटकतं ते आमच्यातल्याच काहींचं नवस बोलणं: ठेव सुटली की पंढरीत अन्नदान करीन. म्हणजे देवालाही कमिशन!

तुकोबांचं गणित उलटं होतं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बसला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी घरातली, लोकांकडून येणं असलेली कर्जखतं काढली, असं संतचरित्रकार महिपती सांगतात. धाकट्या कान्होबाचा निम्मा वाटा त्याच्या हाती दिला, आपला निम्मा इंद्रायणीत बुडवला. कीर्तनात बुडवण्याचाच भाग रंगतो. मला वाटणीचा भाग मोठा वाटतो. स्वतः देवाच्या पायाशी गेले, पण भावाचा हक्क त्यात ओढला नाही.

आमच्या घरी मंडळी माळकरी आहेत. ठेव त्यांच्याही नावावर होती. बातमी कळली त्या संध्याकाळीही त्यांचा हरिपाठ चुकला नाही, आणि ठेवींच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात माझ्याआधी त्याच जाऊन बसल्या. अर्ज साहेबांकडे दिला. विठोबाकडे काहीच मागितलं नाही म्हणतात. झोप मात्र त्यांना लागते, मला लागत नाही.

आषाढी जवळ येते आहे. कीर्तनकार महाराजांनी यंदा नवसाच्या गोष्टी जरा कमी सांगाव्यात, एवढी विनंती आपल्या पत्रातून पोहोचावी.

– एक ठेवीदार, बार्शी