एक जानेवारीपासून नको

सांगली,
मार्गशीर्ष, गुरुवार

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर हे बोलता आलं नसतं. एक तर तुझी आई शेजारी बसलेली असते, आणि दुसरं म्हणजे तू ‘हो आण्णा, हो आण्णा’ करत विषय बदलतोस. म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच.

दिवाळीत तू निघालास तेव्हा बॅगेतला चार्जर काढून द्यायला मला सांगितलंस. वायरीत अडकून एक स्ट्रिप बाहेर आली. क्लोनाझेपाम, ०.५ मिलिग्रॅम, घबराटीवरची गोळी. एकतीस वर्षं मेडिकल चालवतोय, उलटी पडलेली स्ट्रिपही मला ओळखता येते. तू म्हणालास, ऑफिसात छातीत धडधडायचं म्हणून डॉक्टरांनी दिली होती, दीड वर्ष झालं, आता सोमवारपासून बंद. मी दुसऱ्याच दिवशी फोन करून तसं करू नको म्हटलं, तर तू म्हणालास, बरं, मग एक जानेवारीपासून. नवीन वर्ष, नवीन सुरुवात.

बाळा, एक जानेवारीपासूनही नको. गोळी सोडायची नाही असं नाही. सोडायची, पण अशी नाही. हे मी दुकानदार म्हणून सांगत नाही.

२०२२ च्या जूनमध्ये मी दुकानात पडलो होतो, आठवतं? तुझी नोकरी लागून महिनाच झाला होता. तुला आम्ही सांगितलं की शुगर कमी झाली, चक्कर आली. मला शुगर नाही. कधीच नव्हती. ती फिट होती, आणि ती मी स्वतःच्या हाताने आणली होती.

मुळापासून सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आपलं दुकान बुडालं, ते तू पाहिलंस. त्यानंतरचं तू पाहिलं नाहीस, तू होस्टेलला परत गेला होतास. खालच्या फळ्यांवरचा सगळा माल चिखलात गेला होता. सिरपच्या बाटल्या, सलाइन, फ्रीजमधलं इन्शुलिन, सगळं पोत्यांत भरून टाकून द्यायला काढलं. देणेकऱ्यांचे फोन सुरूच होते. रात्री डोळा लागला की तो ओल्या पुठ्ठ्याचा वास यायचा आणि मी उठून बसायचो. आपल्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम लिहून दिली, तुझ्या गोळीच्याच गटातली, ०.२५ ची, रात्री एक, दहा दिवस. त्यांचा काही दोष नाही. चिठ्ठीवर दहाच गोळ्या होत्या. अकरावी माझी मी घेतली.

आणि घ्यायला किती सोपी! हात लांबवायचा की फळी. २०१४ च्या मार्चपासून अल्प्राझोलाम सरकारच्या एच-वन यादीत आहे, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं असलेल्या औषधांच्या. चिठ्ठी असल्याशिवाय द्यायची नाही, वेगळ्या रजिस्टरात डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं ते लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. मी ते काटेकोर लिहायचो. “आण्णा, दोन तरी द्या, झोप येत नाही” म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसांना मी तोंडावर नाही म्हटलंय. आणि रात्री शटर ओढण्याआधी स्वतःच्या शर्टाच्या खिशात दोन टाकून घरी आलोय. साठा जुळवायला ‘मोडतोड’ लिहायचं. त्या रजिस्टरात अर्ध्या गावभागाची नावं सापडतील, माझं सापडणार नाही. हे तुझ्या आईलाही मी फार उशिरा सांगितलं.

तीन वर्षांत पाव मिलिग्रॅमची अर्ध्या मिलिग्रॅमची झाली, मग तीच दिवसातून दोनदा. मजा काही येत नव्हती, गैरसमज नको. सकाळी दहाच्या सुमारास हात कापायला लागायचे आणि मला वाटायचं, बघ, आपलं टेन्शन किती वाढलंय. ते टेन्शन नव्हतंच. अल्प्राझोलाम रक्तातून साधारण अकरा तासांत निम्मी उतरते. रात्रीची गोळी उतरत आली की शरीर पुढची मागायचं. तुझी क्लोनाझेपाम त्या मानाने सावकाश उतरते, निम्मी व्हायला तीस-चाळीस तास घेते. म्हणून एखादा दिवस चुकला तर काही होत नाही असं तुला वाटतं, आणि म्हणून तुला फसायला होईल. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी त्याहून उशिरा उभा राहतो, तोवर माणूस म्हणत असतो की जमलं.

मी कुठल्याशा एकादशीचा मुहूर्त धरून एकदम बंद केली. पहिली रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या ट्यूबलाइटची गुणगुण इतकी मोठी वाटायला लागली की मी ती बंद करून अंधारात बसलो. घाम, मुंग्या, दातावर दात. तिसऱ्या दिवशी दुपारी एका आजींना बीपीच्या गोळ्या मोजून देत होतो. सात, आठ, नऊ इथवर आठवतं. नंतर एकदम फरशी, तोंडात रक्ताची चव, जीभ चावलेली, आणि त्या आजी माझ्या नाकाला चप्पल लावतायत. (चपलेचा काही उपयोग नसतो. कुणाला फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही.)

असं का होतं ते समजून घे, म्हणजे माझं ऐकशील. मेंदूत गाबा नावाचं शांत करणारं रसायन असतं. ही गोळी त्याचा जोर वाढवते. रोज बाहेरून मदत मिळतेय म्हटल्यावर मेंदू स्वतःची तयारी कमी करतो. दुकानात चांगला पोरगा कामाला मिळाला की मालक फळीवरचं काही स्वतः शोधेनासा होतो ना, तसं. एका सकाळी पोरगा न सांगता निघून गेला की मालकाला साधी क्रोसिन सापडत नाही. पोरगा चार महिने आधी सांगून, रोज एकेक फळी मालकाच्या ताब्यात देत गेला तर दुकान चालू राहतं.

आणि याला व्यसन म्हणून स्वतःला कोसू नको. शरीराला सवय लागणं वेगळं आणि व्यसन वेगळं. तू डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घेतलीस, एक गोळी वाढवली नाहीस. तरीही सवय लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या सगळ्या गटावरचा चौकटीतला, म्हणजे सगळ्यात गंभीर, इशारा आणखी कडक केला, त्यात हेच आहे: सांगितल्याप्रमाणे घेतली तरी शरीर अवलंबून राहू शकतं, आणि एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं. मी मात्र चोरून वाढवली होती. आपल्या दोघांत तेवढा फरक आहे, आणि तो तुझ्या बाजूचा आहे.

मग मिरज. मिरजेला डॉक्टरांना तोटा नाही, पण मानसोपचाराच्या जिन्यावर ओळखीचं कुणी दिसेल म्हणून मी उन्हाळी टोपी घालून गेलो, पावसाळ्यात. तिथे वरच्या बाकावर आपल्याच पेठेतले दोघे बसलेले. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना. नंतर आम्ही तिघं एकाच रिक्षाने परत आलो.

डॉक्टरबाईंनी आधी गोळी बंद केली नाही, चालू केली. मला धक्काच बसला. म्हणाल्या, आधी स्थिर होऊ, मग उतरू. अल्प्राझोलामच्या जागी सावकाश उतरणारी क्लोनाझेपाम दिली, दिवसाला एक मिलिग्रॅम. महिनाभर त्यावरच ठेवलं. मग पहिली पायरी: ०.५ ची एक, ०.२५ ची एक आणि ०.२५ ची अर्धी. एवढीशीच कपात. मी हिशेब करून म्हटलं, या वेगाने वर्ष जाईल. त्या म्हणाल्या, जाऊ दे की, घाई कुणाला आहे? चौदा महिने गेले.

पूर ओसरताना आपण जिन्याच्या पायरीवर खडूने रेघ मारायचो, आठवतं? दर तासाला टॉर्च घेऊन बघायला जायचं, रेघ उघडी पडली का. दोन बोटं उतरलं तरी आई वरून ओरडून विचारायची. तिने या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तेच सुरू केलं. कपातीच्या दिवशी रेघ. गोळ्यांचा डबा तिच्याकडे, मी मागायचो, ती द्यायची. दुकानातून एकही आणायची नाही असं तिने गणपतीपुढे वदवून घेतलं.

सरळ रेषेत उतरलं नाही. दोन आठवडे छान जायचे, मग एकाएकी रात्रभर टक्क जाग, छातीत पाखरू. अशा वेळी बाई पुढची कपात थांबवायच्या, आहे तिथंच तीन-चार आठवडे ठेवायच्या. सगळ्यात अवघड गेलं ते शेवटचं पाव. एकातून पाव कमी केली तर पाऊण उरते. पावातून पाव गेली तर काहीच उरत नाही. म्हणून कपात त्या वेळी असलेल्या डोसाच्या हिशेबाने करायची, सुरुवातीच्या नाही. २०२५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून यावर मार्गदर्शन काढलंय, त्यातही दोन ते चार आठवड्यांतून एकदा पाच-दहा टक्के असाच वेग सुरुवातीला सुचवलाय, आणि दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांच्या वर जाऊ नये असं म्हटलंय. हे आकडे तुला शिकवत नाही. तुझ्या डॉक्टरांनी ‘आठ दिवसांत सोडून टाक’ म्हटलं तर त्यांना प्रश्न विचारायची हिंमत यावी म्हणून सांगतो. माझं वेळापत्रक उचलून तू वापरायचं नाहीस. माझं वय वेगळं, डोस वेगळा, आणि मला फिट येऊन गेलेली.

दारूचं मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. एवढंच ऐक: या गोळीबरोबर एक पेगही नको. आणि दाढ दुखली, पाठ भरली म्हणून कुणी ट्रॅमाडॉल दिली, तर आधी ही गोळी चालू आहे ते सांग. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. पहाटेच्या पहाटे गेलेली माणसं मला माहीत आहेत, नावं लिहीत नाही.

मूळ धडधडीचं काय, हे तू विचारशील. रास्त आहे. गोळीने ती झाकली, बरी केली नाही. माझी झाकलेली भीती कर्जाची होती. डॉक्टरबाईंकडच्या समुपदेशकाने मला देणेकऱ्यांची यादी कागदावर लिहायला लावली, आकड्यांसकट. यादी माझ्या डोक्यात होती त्याच्या निम्मी निघाली. तुझी यादी तुझ्या मॅनेजरची असेल, किंवा आणखी कशाची असेल. डॉक्टरांना समुपदेशनाचं विचार. रात्री-बेरात्री फारच घाबरं झालं आणि मला उठवायचा संकोच वाटला, तर १४४१६ लाव, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. फिट, भ्रम, भलतंसलतं दिसणं असलं काही झालं तर मात्र फोनवर बोलत बसू नको, १०८ बोलावून थेट हॉस्पिटल.

आता तुझं काम. ज्यांनी लिहून दिली त्यांची किंवा चांगल्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ या आठवड्यात घे. मी पुण्याला येतो, बाहेर बाकावर बसेन, आत येणार नाही. तोपर्यंत रोजची गोळी रोजच्या वेळी. स्ट्रिपमध्ये किती उरल्यात ते आजच मोज आणि मला कळव, म्हणजे मध्येच संपायची वेळ येणार नाही. रात्री नऊनंतर फोन कर, तेव्हा दुकानात गर्दी नसते आणि आई मालिका बघत असते. तिला तुझं सांगितलेलं नाही. ते तू सांग, तुला वाटेल तेव्हा.

तुझे,
आण्णा

ता. क. भडंगाच्या डब्यात तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गोळी कापायची डबी आहे. माझीच आहे, धुऊन वाळवलीय. डॉक्टरांनी सांगेपर्यंत वापरू नको.