माझा अर्ज दारूच्या खात्यात का गेला, मंत्रिमहोदय?

मा. मंत्रिमहोदय,
मुंबई (डिसेंबरात मुक्काम नागपूर)

सप्रेम नमस्कार.

मागच्या हिवाळी अधिवेशनात रविभवनात मी तुम्हाला निवेदन दिलं होतं. तुम्ही ते दोन्ही हातांनी घेतलंत. म्हणालात, "ताई, कोवळ्या वयात पिणाऱ्या पोरांच्या मेंदूचं पुढे काय होतं, याचा अभ्यास आपल्याकडे झालाच पाहिजे. निधी कमी पडू देणार नाही." फोटोही निघाला. काल तुमच्या कार्यालयाचं उत्तर हाती आलं. आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे अग्रेषित करण्यात येत आहे. संबंधित विभाग कोणता, ते खाली बारीक अक्षरात होतं. दारूवरचा कर गोळा करतो, तो!

खरं सांगते, आधी हसू आलं.

माझा मुलगा 20 वर्षांचा आहे. चौथीत असताना त्याला 29 चा पाढा उलटा यायचा. मी गणिताची शिक्षिका, शेजारणींपुढे मिरवायचे. अकरावीत ट्यूशन लावली. वर ट्यूशन, खाली बिअर शॉपी. तिथल्या माणसाने 16 वर्षांच्या पोराला वय नाही विचारलं, "थंडी देऊ का साधी?" एवढंच विचारलं. आधी शनिवारी, मग रोज. आम्हाला कळलं तेव्हा दीड वर्ष उलटून गेलं होतं.

आता सुटली आहे. सव्वा वर्ष हात लावलेला नाही. पण गेल्या महिन्यात तो स्कूटी घेऊन बर्डीच्या बाजारात गेला आणि 'आपली बस'ने परत आला. गाडी कुठे, विचारलं तर म्हणाला, "आई, मी गाडी नेली होती?" रात्री साडेनऊला आम्ही दोघं पार्किंगमध्ये एकेक नंबर वाचत फिरलो. चाबी त्याच्याच खिशात होती.

सरकारी दवाखान्यात एमआरआयची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली, म्हणून बाहेर 6000 रुपये मोजले. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर भले माणूस. म्हणाले, "दारूने झालं की मुळातच असं होतं, आज सांगता येत नाही. पिण्याच्या आधीचा स्कॅन असता तर तुलना करता आली असती." आधीचा स्कॅन! आमच्याकडे बारशाचे फोटो आहेत, गॅदरिंगचे आहेत. मेंदूचा काढून ठेवायला हवा होता, हे कोणी सांगितलंच नाही.

अमेरिकेत मात्र तो काढून ठेवतात. 2012 पासून तिथे 12 ते 21 वयाच्या 831 मुलांच्या मेंदूचे स्कॅन वर्षानुवर्षं घेतले. जास्त पिणाऱ्यांत कपाळामागचा करडा भाग अधिक वेगाने घटताना दिसला, पांढऱ्या भागाची वाढ मंदावलेली दिसली. पुढच्या अभ्यासात तर 9-10 वर्षांची 11,000 च्या वर मुलं घेतली, कोणी प्यायला लागायच्या आधीच. त्यातून हेही कळलं की काही फरक पिण्याच्या आधीपासूनच असतात. म्हणजे माझ्या डॉक्टरांचा प्रश्न बरोबरच होता. उत्तर शोधायला पैसा त्यांच्या सरकारने दिला. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूशास्त्राच्या संस्थेने 6 ते 23 वयाच्या मुलांचा अभ्यास उभा केला, बंगळुरू, म्हैसूर, चंदीगड, कोलकाता, इंफाळ... त्या यादीत महाराष्ट्र नाही.

पैसा नाही म्हणू नका. जून 2025 मध्ये विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलंत, वर्षाला 14,000 कोटी जादा येतील म्हणालात. दिवसाला 38 कोटी, तासाला दीड कोटीच्या वर. नागपूरच्या 500 मुलांचे प्रत्येकी चार स्कॅन, बाजारभावाने 1 कोटी 20 लाख. डॉक्टरांचे पगार यात धरलेले नाहीत, चूकभूल द्यावी घ्यावी. तरी तुमचा एक तासही भरत नाही.

आणि जागा म्हणाल तर विदर्भासारखी कुठे मिळणार? वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी (कागदावर का होईना), चंद्रपुरात 2015 ते 2021 बंद, मग पुन्हा सुरू, मध्ये नागपूर सताड उघडं. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, मिहानला एम्स आहे. पण इथे संत्र्याचं नाव काढलं की अर्ध्या लोकांना देशीच आठवते.

कायद्याचं तर विचारूच नका. बिअरला 21, कडक दारूला 25 वर्षं. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणजे कायदा लिहिणाऱ्याच्या हातून आकडा तरी नेमका पडला! लहान मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. आमच्या गल्लीतून अजून कोणी तुरुंगात गेलेलं नाही. पुण्यात 2024 मध्ये पोर्शे गाडीखाली दोन जीव गेले तेव्हा ती चालवणाऱ्या 17 वर्षांच्या पोराला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता. माझ्या पोराला कोणी निबंध सांगितला, तर पहिलं वाक्य तिसऱ्यापर्यंत त्याच्या लक्षात राहील का, मला शंका आहे.

आम्हा मास्तरांना तुम्ही शौचालयं मोजायला लावलीत, मतदार मोजायला लावलेत, खिचडीबरोबरची अंडी मोजायला लावलीत. वर्गातली किती पोट्टी पितात, हे मोजायचा कागद वीस वर्षांच्या नोकरीत एकदाही आला नाही. मोजलं की करावं लागतं ना! 1953 च्या नागपूर कराराने दरवर्षी अधिवेशनाला येता, येण्याआधी सिव्हिल लाइन्सचे रस्ते गुळगुळीत होतात, आमची निवेदनं घेता आणि विमानात बसता. अनुशेष सिंचनाचा असतो, रस्त्यांचा असतो. पोरांच्या डोक्यातला कोणत्या रकान्यात लिहायचा?

माझा अर्ज त्या खात्यातून परत मागवा. किंवा राहू द्या तिथेच, पैसा तर तिथेच आहे.

आपली,
एक आई, मानेवाडा, नागपूर

ता. क. : उत्तर पाठवाल तर स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशन करून, माझ्याच हातात. मागचं पत्र मुलाने घेतलं होतं. ते मला तीन आठवड्यांनी, काल, स्कूटीच्या डिक्कीत सापडलं.